साडेपाचशेच्या सॅकची डिस्क गोल्फ बॅग

डिस्क गोल्फची खास बॅग नाशिकच्या दुकानात मागितली, तर दुकानदार आधी खेळच विचारतो. बाहेरून मागवायची तर ती आतल्या डिस्कपेक्षा महाग पडते. म्हणून मी शालिमारला रस्त्याकडेच्या दुकानातून कॉलेजच्या पोरांची साधी सॅक ५५० रुपयांना घेतली, बॅग दुरुस्त करणाऱ्या काकांकडून ती हवी तशी करून घेतली आणि पावसाळ्यापासून तीच पाठीवर आहे. ज्यांच्याकडे आठ-दहा डिस्क आहेत त्यांनी बेलाशक हेच करावं. वीस-वीस डिस्क घेऊन फिरणाऱ्यांना ही पुरणार नाही.

खेळ नवीन असेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. ठरलेल्या जागेवरून डिस्क फेकायची, ती पडेल तिथून पुढची फेक, असं करत शेवटी साखळ्या लावलेल्या बास्केटमध्ये टाकायची. कमीत कमी फेकींत जो टाकेल तो जिंकला. साखळ्यांचं हे बास्केट एड हेड्रिक या अमेरिकन माणसाने आणलं, त्यांनीच १९७६ साली या खेळाची संघटना सुरू केली. डिस्क समुद्रावर खेळायच्या फ्रिस्बीपेक्षा लहान, जड आणि कडेला टणक असते. लांब जाणारा ड्रायव्हर, मधल्या अंतराचा मिडरेंज आणि बास्केटजवळचा पटर, असे तीन मुख्य प्रकार. प्रत्येकाची वळण्याची तऱ्हा वेगळी, त्यामुळे एका डिस्कवर भागत नाही आणि बॅगेचा प्रश्न येतो. आम्ही चौघं-पाचजण म्हसरूळच्या पुढे माझ्या मावसभावाच्या पडीक जमिनीवर घडीचं बास्केट लावून खेळतो. समोर चांभारलेण्यांचा डोंगर, एका अंगाला द्राक्षबाग. शहरातल्या गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालणाऱ्यांची इतकी वर्दळ असते की तिथे टणक कडेची डिस्क फेकणं मला पटत नाही.

सॅक घेताना रंग, कंपनी, लिटर काहीही बघू नका, टेप घेऊन जा. नियमाप्रमाणे डिस्क कमीत कमी २१ सेंटीमीटर व्यासाची असते आणि व्यासाच्या दर सेंटीमीटरला जास्तीत जास्त ८.३ ग्रॅम वजन चालतं. म्हणजे २१.२ सेंटीमीटरची डिस्क फार तर १७६ ग्रॅमची. हे दोन आकडे डोक्यात असले की सॅक निवडणं सोपं जातं. माझी सॅक आतून ३१ सेंटीमीटर रुंद, २० खोल आणि ४६ उंच आहे. डिस्क उभ्या, एकामागे एक लावल्या की खोलीत दहा बसतात आणि बाजूला जी ९ सेंटीमीटरची फट उरते तिच्यात लिटरची बाटली नेमकी जाते. दहा डिस्क मिळून पावणेदोन किलोच्या आत. एक लिटर पाणी मात्र एकटंच साडेपाच डिस्कपेक्षा जड, त्यामुळे बाटलीची जागा पाठीला चिकटूनच ठेवा. आणखी एक गोष्ट तपासा: चेन दोन्ही बाजूंनी निम्म्यापर्यंत खाली उतरायला हवी. नुसतं वरचं तोंड उघडणारी सॅक घेतलीत तर प्रत्येक फेकीला कोपरापर्यंत हात आत घालावा लागेल.

काकांकडे सॅक ठेवली तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "ताई, नवी कोरी सॅक उसवायला कशाला आणली?" मी सोबत दोन पटर नेले होते, ते पुढ्यात ठेवले. सांगून जे कळलं नसतं ते त्यांना हातात घेऊन कळलं. त्यांनी रेक्झिनच्या तुकड्यावर डिस्क पालथी ठेवली, खडूने गोल काढला, मग डिस्क उभी करून तिची कड अंगठ्याने मापली. "गोल एवढा दिसतो, पण कड जाड आहे. दोन ठेवायच्या म्हणता, तर कापड इथून फुगणार. एवढंच कापलं तर एकही जायची नाही." मग गोलाच्या बाहेर दोन्हीकडे जागा सोडून त्यांनी दुसरी रेघ मारली. शेवटी खिशाचं कापड ३० सेंटीमीटर कापून ते २३ सेंटीमीटरच्या जागेत बसवलं, खालच्या दोन कोपऱ्यांना चुण्या घेतल्या आणि तोंडाला इलॅस्टिक घातलं. उंची १५ ठेवली, म्हणजे पटरचा वरचा भाग बाहेर राहतो आणि न बघता हाताला लागतो. पटर प्रत्येक बास्केटला लागतोच, त्यासाठी दरवेळी चेन उघडायची गरज उरली नाही. हा खिसा सॅकच्या पुढच्या पडद्यावर असल्याने चेन उघडली की पटरच्या वजनाने पडदा आपोआप खाली पडतो आणि तोंड उघडं राहतं. इतकं नेटकं काम मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. या सगळ्या शिलाईचे त्यांनी २८० घेतले.

खरी करामत आतल्या खोट्या तळाची आहे. ४६ सेंटीमीटर उंच सॅकमध्ये २१ ची डिस्क टाकली की ती तळाशी जाऊन बसते आणि वरचा निम्मा भाग रिकामा राहतो. फ्लेक्स छापणाऱ्याच्या दुकानातून ६० रुपयांचे सनबोर्डचे, म्हणजे हलक्या फोमच्या कडक फळीचे, तुकडे घेतले. त्यांची २० सेंटीमीटर उंच खोकी करून तळाशी ठेवली, डिस्क तिच्यावर. आता चेन उघडली की दहाही डिस्कच्या कडा समोर दिसतात, रंग बघून हवी ती काढायची. खोकीची पुढची बाजू उघडी ठेवली आहे. काकांनी सॅकच्या पुढच्या खालच्या खिशाचं आतलं अस्तर कापून कडा दुमडून टिपल्या. त्यामुळे त्या खिशाची चेन उघडली की थेट खोकीत हात जातो: पावसाळी जाकीट, डबा, पट्ट्या आणि मलम, दोन नॅपकिन. नॅपकिन दोन हवेतच. ओली डिस्क बोटांतून निसटते, आणि एक नॅपकिन पहिल्या सरीतच भिजून जातो.

तळाला स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा चॉपिंग बोर्ड कापून टाकला, ९० रुपयांचा. त्याला खालून चार रबरी पाय स्क्रूने बसवले. आपल्याकडची काळी माती पावसात एकदा कापडाला लागली की वाळून पापुद्रे सुटेपर्यंत सोडत नाही. पायांमुळे कापड जमिनीपासून बोटभर वर राहतं, घरी आल्यावर नुसते पाय धुतले की झालं.

पट्ट्यांबाबत मात्र हयगय करू नका. स्वस्त सॅक पहिल्यांदा फाटते ती खांद्याचा पट्टा वर जिथे जोडलेला असतो तिथे. माझ्या सॅकला कारखान्यातून तिथे एकच सरळ टीप होती. वह्यांच्या वजनाला ती चालेल, पण इथे आपण सॅक दर फेकीला खाली ठेवतो आणि एका पट्ट्याने हिसका देऊन उचलतो. काकांनी आतून निवारीचा तुकडा लावला आणि चौकोनी टीप मारून मध्ये फुली घातली. खालच्या टोकांनाही तसंच. शिवाय एका जुन्या सॅकचा छातीचा पट्टा काढून हिला जोडून दिला. डिस्क आता उंचावर, खांद्यांच्या मधोमध असल्याने वजन मागे ओढत नाही. चालताना हे फार सुखाचं आहे.

पण त्याच उंचीमुळे सॅक खाली ठेवल्यावर डुगडुगते. सपाट जागी पाय धरून ठेवतात, उतारावर ती हमखास आडवी होते. झाडाला किंवा बांधाला टेकवून ठेवावी लागते. तीन पायांचं स्टूल जोडलेल्या बॅगा मिळतात, त्यांची सर हिला नाही. दुसरी कमतरता कापडाची. आतला पाणी अडवणारा थर दोन महिन्यांतच पांढऱ्या भुकटीसारखा सुटायला लागला आणि डिस्कला चिकटायला लागला. मी तो ओल्या फडक्याने पूर्ण खरवडून काढला, म्हणजे पाणी अडवण्याचा गुण आता शून्य. दुकानदाराने विकतानाच "गॅरंटी नाही" सांगितलं होतं, त्यामुळे तिथे परत जाण्यात अर्थ नव्हता. चेनचा रनर मात्र घेतल्याबरोबर बदलून घ्या, मूळचा पत्र्याचा होता आणि दात सोडत होता.

बाजूचे जाळीचे खिसे मी पहिल्याच दिवशी कापून टाकले. दिवाळीच्या सुमारास गवत वाळलं की कुसळं जाळीत अशी घुसतात की चिमट्यानेही निघत नाहीत, आणि मग ती हातरुमालाला, सॉक्सला, गाडीच्या सीटला लागतात. त्याऐवजी डिस्क पडली ती जागा दाखवणारी छोटी मार्कर डिस्क ठेवायला पट्ट्यावर चपटा खिसा शिवला आहे. पडलेली डिस्क उचलायची असेल तर आधी ती जमिनीवर टेकवायची असते, त्यामुळे ती छातीजवळच बरी.

उन्हाळ्यासाठी एवढंच, की सॅक गाडीत सोडू नका. एप्रिलमधल्या बंद गाडीत डिस्क मऊ पडून वाकते, आणि एकावर एक रेललेल्या असल्या तर वाकडीच राहते. सनबोर्डची खोकी तेव्हा कामी येते, कारण डिस्क सरळ उभ्या राहतात, पण उन्हापुढे तिचंही फार चालत नाही.

एकूण खर्च ९८० रुपये. पायांचे रबर आणि स्क्रू घरातच सापडले. कोणी करून घेणार असाल तर काकांसमोर तोंडी माप सांगू नका, आपल्याकडची सर्वांत जाड कडेची डिस्क आणि भरलेली पाण्याची बाटली सोबत न्या. पावसाचं कव्हर अजून बाकी आहे. त्यासाठी रेनकोटचं कापड काढून ठेवलंय, पटरचा खिसा कव्हरच्या बाहेर राहील असा काप कुठे घ्यायचा हे काकांशी बोलून ठरवायचं आहे.