ऑफसेट आणि स्पेसर: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गाडीला मोठे अलॉय बसवून नऊ महिने झाले. पहिले तीन महिने चुकीच्या ऑफसेटचे (चाक किती आत किंवा बाहेर बसतं त्याचा आकडा) आणि स्पेसरचे (चाक बाहेर सरकवणारी चकती), पुढचे सहा योग्य ऑफसेटच्या चाकांचे. दोन्हीतला फरक हातात आणि कानात इतका स्पष्ट जाणवतो, की सविस्तर लिहायलाच हवं.

मूळ चाकं १५ इंची, ६जे (रिमची रुंदी ६ इंच), ईटी ४५ (ऑफसेट ४५ मिमी). नवीन घेतली १६ इंची, ७जे, ईटी ४५च. टायर १८५/६५ ऐवजी १९५/५५ घेतले, त्यामुळे चाकाची एकूण उंची जवळपास तेवढीच राहिली. विकणारा म्हणाला, ऑफसेट सारखाच आहे, बसणारच. मलाही पटलं.

चाक हबला (गाडीच्या ज्या भागावर ते बसवतात त्याला) ज्या पृष्ठभागावर टेकतं, तो रिमच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर बाजूला आहे, तो आकडा म्हणजे ऑफसेट. आकडा वाढला की चाक आत सरकतं, कमी झाला की बाहेर येतं. पण मोजतात मध्यरेषेपासून, आणि मेख इथेच आहे. रिम एक इंचाने रुंद झाली की ऑफसेट तोच असला तरी ती १२.७ मिमी बाहेर आणि तेवढीच आत वाढते. बाहेरचं दिसतं, आवडतं. आतलं कोणी बघत नाही.

दुसऱ्या आठवड्यात वळणावर बारीक घासल्याचा आवाज येऊ लागला. स्टीअरिंग पूर्ण वळवून टॉर्च मारला, तर पुढच्या स्ट्रटवर (चाकाच्या आतल्या बाजूचा सस्पेन्शनचा खांब) बोटभर रुंदीचा चकचकीत काळा पट्टा. टायर आणि स्ट्रटच्या मध्ये आधी बोट आरामात जायचं, आता जाड पुठ्ठाही अडकत होता.

उपाय म्हणून ५ मिमीचे स्पेसर लावले. घासणं त्याच दिवशी थांबलं. मात्र ८० च्या पुढे स्टीअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग केलं, फरक शून्य. चाक काढल्यावर कारण दिसलं. हबच्या मधोमध जो उंचवटा चाकाला नेमकं केंद्रात धरतो, त्यातला बराचसा भाग स्पेसरनेच खाल्ला होता. सेंटरिंग रिंगला (उंचवटा आणि चाकाचं मधलं भोक यातली फट भरणारं कडं) पकडायला जेमतेम कड उरली होती.

त्याहून गंभीर गोष्ट नट लावताना लक्षात आली. माझे स्टड (हबमधून बाहेर आलेले आटेदार दांडे, ज्यांवर नट बसतात) १२ मिमी जाडीचे, आट्यांचं अंतर १.५ मिमी. नट निदान स्टडच्या जाडीइतका आत जायला हवा, म्हणजे पूर्ण आठ फेरे. स्पेसरशिवाय दहा बसत होते, स्पेसर लावल्यावर साडेसहा. चार चाकांवर घरची माणसं घेऊन फिरत होतो आणि नट साडेसहा फेऱ्यांवर! त्याच दिवशी स्पेसर काढले आणि मूळ चाकं परत चढवली. तुमच्याकडे स्पेसर असतील तर आजच नट सैल करून फेरे मोजा, आणि गाडीला स्टडऐवजी बोल्ट असतील तर बोल्टचे. स्पेसर ठेवायचेच असतील तर लांब स्टड किंवा बोल्ट हवेत आणि स्पेसरला स्वतःचा केंद्र धरणारा उंचवटा हवा. पातळ चकतीत तो बहुतेक नसतोच.

शेवटी ती चाकं बदलून ७जे, ईटी ४० घेतली. हिशोब सरळ आहे: ४५ मधून ५ मिमीचा स्पेसर वजा केला की ४०. चाक अगदी त्याच जागी बसतं, पण हब आणि चाकाच्या मध्ये काहीही येत नाही. मूळ चाकापेक्षा बाहेर १७.७ मिमी, आत ७.७. थरथर गेली ती गेलीच. बसवताना हबवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ केला, नट टॉर्क पान्याने (ठरावीक जोरावर आवळणारा पाना) आवळले आणि शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा तपासले.

सगळंच गोड नाही. पार्किंगमध्ये स्टीअरिंग किंचित जड लागतं, खोल चाकोऱ्यांत गाडी जरा ओढते आणि पावसात दारांवर पूर्वीपेक्षा जास्त चिखल उडतो. चाक बाहेर आलं की बेअरिंगवरचा भारही वाढतो, म्हणून दर महिन्याला जॅकवर चाक हलवून बघतो. अजून तरी खेळ नाही, घरघर नाही. मागच्या मडगार्डच्या आतल्या कडेला कागदी चिकटपट्टी लावून ठेवली आहे. पाच माणसं आणि भरलेली डिकी घेऊन दोन लांबचे प्रवास झाले, पट्टीवर ओरखडा नाही.