नजरही अधू असेल तर कानाचं मशीन कोणतं घ्यावं?

‘कानामागचं नको, दिसणार नाही असं काहीतरी बघ,’ आई म्हणाली आणि आम्ही कानाच्या नळीत बसणारं मशीन घेतलं. तिच्या डोळ्यांचा विचार आमच्यापैकी कुणीच केला नाही. दृष्टिपटलाचा मधला भाग झिजल्यामुळे तिला कडेचं दिसतं, पण समोरच्याचा चेहरा दिसत नाही. महिनाभरात मशीन डबीत जाऊन पडलं.

वयामुळे कान जातात तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. स्वर ऐकू येतात. स, श, त, फ निसटतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, ‘ऐकू येतं गं, पण कळत नाही.’ बाकीचे ही तूट नकळत ओठ बघून भरून काढतात. जिला ओठच दिसत नाहीत, तिची सगळी भिस्त मशीनवर.

नळीतल्या मशीनचा एक गुण खरा आहे: ते दिसत नाही, आणि चष्म्याच्या काडीशी झटापट होत नाही. पण त्यात बहुधा १० नंबरचा सेल लागतो. त्याची रुंदी ६ मिलिमीटरसुद्धा नाही आणि तो काही दिवसांतच संपतो. मागचा कागदी टॅब सोलायचा, सुलट बाजू ओळखायची, नखाने झाकण उघडायचं. आईच्या हातून सेल गोधडीत पडला की ती तळहाताने गोधडी चाचपत बसायची. त्यात सेल आणि औषधाची गोळी बोटांना जवळपास सारखीच लागते. सेल चुकून गिळला गेला तर वाट न बघता थेट हॉस्पिटल गाठावं लागतं, म्हणून दोन्ही एका टेबलावर ठेवूच नयेत.

कानामागचं मशीन हाताला सापडतं. त्याचा कानात बसणारा, कानाच्या मापाने बनवलेला साचा (मोल्ड) बोटांना आकाराने ओळखता येतो, आणि तो मशीनपासून सोडवून धुताही येतो. ऐकू येणं बरंच कमी झालं असेल तर ताकदही यातच जास्त मिळते. चष्मा मात्र दोन्ही हातांनी सरळ पुढे ओढून काढायची सवय लावावी, नाहीतर मशीन उडून पडतं. कानामागच्याच मशीनचा, कानात बारीक तार जाणारा प्रकार दिसायला नाजूक असतो, पण त्याच्या टोकाची मळाची जाळी बदलणं हे चांगल्या नजरेचं काम आहे. ते करणारं कुणी घरात असेल तरच तो घ्यावा.

सेल की चार्जिंग, हा प्रश्न माझ्यासाठी तरी सुटला आहे: चार्जिंगचं घ्या. मात्र मशीन आपोआप जागेवर बसेल असा चार्जर बघा, कारण लुकलुकणारा दिवा तिच्या उपयोगाचा नाही. उजव्याला लाल आणि डाव्याला निळी खूण असते, तीही तिला दिसत नाही. आम्ही उजव्या मशीनवर एक उंचवट्याचा ठिपका चिकटवला आहे.

खिशात ठेवायचं, वायरचं मशीन जुनाट वाटतं आणि कपड्याच्या घर्षणाने खरखरतं. तरी बोटं आखडली असतील आणि दिवस घरातच गप्पांत जात असेल, तर त्याची आवाज कमी-जास्त करायची मोठी चकती हाताला सोपी पडते.

नजर अधू असलेल्याला आवाज कुठून आला हेही कानांनीच ओळखायचं असतं, म्हणून दोन्ही कान कमी ऐकत असतील तर शक्यतो दोन मशीन घ्या. समोरचंच बोलणं उचलणारं सेटिंग गोंगाटात छान वाटतं, पण रस्त्यावर ते बाजूची गाडी दबवतं. ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे कान तपासून मशीन बसवून देणाऱ्याला, डोळ्यांबद्दल आपणहून सांगा. आम्हाला कुणी विचारलं नव्हतं. मोतीबिंदू असेल तर त्याचं ऑपरेशन होईपर्यंत कानाचं थांबवू नका. ते बहुतेकदा फक्त डोळा बधिर करून होतं आणि त्या वेळी डॉक्टरांच्या सूचना ऐकू याव्या लागतात.

दुसऱ्यांदा मशीन घेताना आईला तिथेच डोळे मिटून ते काढायला आणि घालायला लावलं. कानामागचं तिने तिसऱ्या खेपेला एका दमात बसवलं. तेच घेतलं.