नौपाड्यातलं नाण्यांचं दुकान: पॅटर्नचा ट्रे जपून पाहा

गोखले रोडच्या आतल्या गल्लीत, पहिल्या मजल्यावरचं हे दुकान ब्रिटिश इंडियाच्या साध्या नाण्यांसाठी डोळे झाकून चालेल. पॅटर्नसाठी मात्र डोळे उघडे ठेवूनच जा. नवी छाप, धातू किंवा आकार अजमावायला टाकसाळ जो नमुना पाडते तो पॅटर्न. मंजुरी नाही मिळाली की तो चलनात येतच नाही. इथल्या ट्रेवर ‘पॅटर्न’ अशी चिठ्ठी आहे, आत भेळ आहे.

जास्त भरणा प्रूफ (खास चकचकीत पाडलेल्या) रीस्ट्राइकचा. मुंबई आणि कलकत्ता टाकसाळी १९७० पर्यंत संग्राहकांसाठी जुनी नाणी पुन्हा पाडून देत. माल टाकसाळीचाच, नकली नव्हे, पण त्याला पॅटर्नचा भाव कशाला? भिंगातून बघा: गंजलेल्या जुन्या डायमुळे (छाप उठवणाऱ्या ठशामुळे) नाण्यावर बारीक पुटकुळ्या उठतात. पुटकुळ्यांऐवजी खड्डे दिसले आणि अक्षरं बोथट असली, तर ओतीव नकलेचा संशय घ्या. कडेवर जोडाची रेघ शोधा.

त्याच ट्रेमध्ये १९११ चा ‘पिग रुपया’ही. राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून ओरड झाली आणि तो मागे घेतला. सुमारे ९४ लाख पाडले होते, त्यातले ७ लाखांच्या आसपास बाहेर पडले होते. म्हणजे हे चलनातलंच नाणं. दुर्मीळ, पण पॅटर्न नव्हे.

दुकानाची खरी जमेची बाजू म्हणजे काउंटरवरचा ०.०१ ग्रॅमचा काटा. मालक स्वतः पाण्याची चाचणी करून दाखवतात. आधी नाण्याचं कोरडं वजन. मग पाण्याचा ग्लास काट्यावर ठेवून काटा शून्य करायचा आणि दोऱ्याला बांधलेलं नाणं तळाला न टेकवता बुडवायचं. ११.६६ ग्रॅमचा ९१.७ टक्के चांदीचा रुपया असेल तर काटा १.१३ च्या जवळ थांबतो. तांबं-निकेलवर चांदीचा मुलामा असेल तर १.३० च्या पुढेमागे. झिजलेल्या नाण्याच्या कोरड्या वजनाला काट्यावरच्या आकड्याने भागा, १०.३ च्या आसपास यायला हवं. नाण्याखाली बुडबुडा अडकला की आकडा फुगतो आणि खरं नाणंही खोटं ठरतं, म्हणून ते हलवून पुन्हा बुडवायला सांगा. शुद्ध निकेल की तांबं-निकेल, हे मात्र पाण्यात कळत नाही, दोन्हींची घनता जवळपास सारखी. तिथे लोहचुंबक न्या: निकेल चिकटतं, तांबं-निकेल चिकटत नाही.

साठवण गचाळ. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवलेल्या तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकटा धरलाय. त्यावर ‘जुनी पॅटिना’ (काळाने आपोआप चढलेली झाक) हे उत्तर ऐकून घेऊ नका.

बिलावर ‘पॅटर्न’ की ‘रीस्ट्राइक’ हे स्पष्ट लिहून घ्या. मागितलं तर देतात. ‘परदेशातून ग्रेडिंग करून आणू’ (म्हणजे अस्सलपणा आणि दर्जा तपासून डबीत बंद करून) ही ऑफर शंभर वर्षांपुढच्या नाण्याला लागू नाही. १९७२ च्या पुरावशेष कायद्याने ते खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. ग्रेडिंगच्या डबीतलं नाणं असेल तर डबीवरचा क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून फोटो जुळवा, डब्याही नकली निघतात.

घासाघीस चालते. संध्याकाळी गर्दीत काटा मोकळा मिळत नाही, दुपारी जा.