जिओजेब्रा: बिंदू ओढला आणि प्रमेय पटलं

‘अर्धवर्तुळात आंतरलिखित झालेला कोन काटकोन असतो’ हे माझ्या वर्गातली मुलं घडाघडा म्हणायची, पण पटलेलं कुणालाच नव्हतं. परवा जिओजेब्रा या गणिताच्या सॉफ्टवेअरवर वर्तुळाचा व्यास काढला, वर्तुळावर बिंदू घेऊन व्यासाच्या टोकांना जोडला आणि एका मुलीला तो बिंदू ओढायला सांगितलं. त्रिकोण कसाही लवला तरी कोन ९०° वर ठाम! लगेच तिचा प्रश्न: “सर, व्यासाऐवजी दुसरी जीवा घेतली तर?” घेतली. माप बदललं, पण जीवेच्या एकाच बाजूला बिंदू फिरवताना तेवढंच राहिलं. पुढचं प्रमेय तिनंच शोधलं होतं! फळ्यावरच्या आकृतीतून असा प्रश्न मला कधी आला नव्हता.

२००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी सुरू केलेलं हे साधन वर्गात मोफत वापरता येतं. मोबाइलवर बिंदू बोटाखाली झाकला जातो, मोठा पडदा बरा. सिद्धता मात्र वहीतच लिहून घ्या.