चिलर फ्री घ्यावं की नको? नवी मुंबईहून दुबईला घर हलवणाऱ्यांसाठी

शेजारच्या ताईंची लेक आणि जावई सप्टेंबरात दुबईला चाललेत. परवा रात्री जेवणं झाल्यावर ती मोबाइलवर दोन घरं घेऊन आली. "काकू, हे करामातलं जुनं घर. वर्षाला 84,000 दिरहम, चिलर फ्री. आणि हे नव्या टॉवरमधलं, 78,000, पण चिलर वेगळा. दुसरंच स्वस्त पडेल ना?" दोन्ही एका बेडरूमची. आम्ही नऊ वर्षं तिथे संसार करून ऐरोलीला परत आलो, म्हणून ती माझ्याकडे आली. तिला सांगितलेलं सगळं इथे मांडते. चिलर म्हणजे घर गार करणारी मध्यवर्ती यंत्रणा; 'फ्री' असेल तर तिचे पैसे घरमालक भरतो, 'वेगळा' असेल तर आपण. हिशेबाला 1 दिरहम म्हणजे 24 रुपये धरलेत.

विजेचा दर ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटतं. दुबईत वीज आणि पाणी एकाच सरकारी संस्थेकडून येतं. नाव मोठं आहे, पण तिथे सगळे 'देवा'च म्हणतात. घरगुती वापराला महिन्याला पहिल्या 2,000 युनिटपर्यंत युनिटमागे 23 फिल्स (100 फिल्सचा एक दिरहम), म्हणजे साधारण साडेपाच रुपये. 4,000 पर्यंत 28 फिल्स, 6,000 पर्यंत 32, त्यापुढे 38. वर इंधन अधिभार आणि 5 टक्के व्हॅट. आता आपलं महावितरणचं बिल काढा. 100 युनिट ओलांडले की वीज आकार, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क मिळून युनिट दहा रुपयांच्या वर जातं. 300 च्या पुढचा टप्पा त्याहून महाग. वाळवंटातली वीज नवी मुंबईपेक्षा स्वस्त, हे कागदावर खरं आहे.

फरक पडतो तो युनिटच्या संख्येत. आमच्या ऐरोलीच्या दोन बेडरूमच्या घरात मे महिन्यात एसी रात्री आठ तास चालतो. चारशेच्या आसपास युनिट होतात, बिल पाच हजारांच्या घरात. जूनमध्ये पाऊस आला की उतरतं आणि डिसेंबरात दीड हजारावर येतं. दुबईत मे ते ऑक्टोबर एसी बंद करायची सोयच नसते. दुपारी 42-43 अंश, आणि ऑगस्टात समुद्रावरून येणारी दमट हवा अशी की बाल्कनीचं दार उघडताच चष्म्यावर वाफ धरते. तिथे एसी पंख्यासारखा दिवसरात्र चालतो. म्हणून घर शोधताना आधी विचारायचं ते हे, की गारव्याचे पैसे कोण भरणार.

त्याचे तीन प्रकार आहेत. पहिला, आपल्यासारखे स्प्लिट एसी, वीज आपल्याच मीटरवर. दुसरा, चिलर फ्री: इमारतीची मध्यवर्ती यंत्रणा, पैसे घरमालक भरतो, भाडं थोडं चढं. तिसरा डिस्ट्रिक्ट कूलिंग. एका मोठ्या कारखान्यात पाणी गार करतात, जमिनीखालच्या पाइपांतून ते टॉवरपर्यंत येतं आणि त्या गार पाण्यावरून हवा फिरवून खोल्या थंड होतात. त्याची कंपनी वेगळी, मीटर वेगळा, अनामत वेगळी, बिल वेगळं.

या तिसऱ्या प्रकारातली एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली नव्हती. बिलाचे दोन भाग असतात. एक वापराचा. दुसरा क्षमतेचा, म्हणजे तुमच्या घरासाठी राखून ठेवलेल्या टनांचा. तो एसी लावा न लावा, भरावाच लागतो. तिसऱ्या वर्षी जुलैत मुलांना घेऊन महिनाभर इकडे आले, तेव्हा पैसे वाचतील म्हणून एसी पूर्ण बंद करून आले. परत जाऊन दार उघडलं तर घरात ओल्या पोत्यासारखा वास. सोफ्याच्या पाठीला हिरवट बुरशी, कपाटातल्या पैठणीच्या घडीवर पांढरे ठिपके, नवऱ्याचा चामड्याचा पट्टा पूर्ण पांढरा. आणि टेबलावर क्षमतेच्या आकाराचं बिल. त्या पैठणीचा पदर मी अजून नीट उलगडत नाही, डाग तसेच आहेत. तेव्हापासून इकडे येताना एसी 26 वर लावूनच यायचो.

म्हणून करारात बघा की क्षमतेचा आकार मालकाकडे आहे की भाडेकरूकडे. काही मालक तो स्वतः भरतात आणि फक्त वापराचं बिल तुमच्या नावावर करतात. हे तोंडी ठेवू नका.

आता ताईंच्या लेकीचा हिशेब. आमच्या एका बेडरूमच्या घराला डिस्ट्रिक्ट कूलिंगचं बिल कडक उन्हाळ्यात महिन्याला 500 ते 600 दिरहम यायचं आणि जानेवारीतही दीडशेच्या खाली जायचं नाही. वर्षाचे धरा 4,500. आम्ही दोघंही तेव्हा नोकरीवर, घर दिवसभर रिकामं. या हिशेबाने टॉवरमधलं घर 82,500 ला पडतं, म्हणजे करामापेक्षा दीड हजाराने स्वस्त. पण ही मुलगी घरूनच काम करणार आहे आणि जानेवारीत तिला बाळ होणार आहे. दिवसभर दोन खोल्या गार ठेवायच्या तर माझ्या अंदाजाने वर्षाचे 6,000 च्या वर जातील. मग दोन्ही घरं सारखीच. तशात तिच्या मोबाइलमधल्या फोटोत टॉवरच्या हॉलला पश्चिमेकडे जमिनीपासून छतापर्यंत काच दिसत होती. दुपारी तीनचं ऊन त्या काचेतून आत आलं की कोणताही एसी दमतो. मी तिला करामा घे म्हटलं.

एक अट मात्र घातली. जुन्या चिलर फ्री इमारतींत काही ठिकाणी थर्मोस्टॅट नुसता नावाला भिंतीवर असतो, गारवा इमारतच ठरवते. घर बघायला जावयाने दुपारी दोनला जावं, संध्याकाळी नाही. थर्मोस्टॅट 22 वर करून पंधरा मिनिटं तिथेच बसावं. गार झालं नाही तर ते घर सोडावं, कारण मग वरून स्वतःचा एसी लावावा लागतो आणि 'फ्री'चा काही अर्थ राहत नाही.

गारव्यानंतर लोक फसतात ते घरशुल्काला. दुबईत भाडेकरूला वार्षिक भाड्याच्या 5 टक्के रक्कम पालिकेला द्यावी लागते, आणि ती बारा हप्त्यांत देवाच्या बिलातून वसूल होते. 84,000 वर वर्षाला 4,200, म्हणजे दर महिन्याला 350 दिरहम, 8,400 रुपये. याच घरात गारवा सोडून 350 युनिट वीज वापरली तर तिचे साधारण 80 दिरहम होतात. पाणी 3,000 गॅलन धरलं तर 105. दोन्ही मिळून 185. घरशुल्क त्याच्या जवळजवळ दुप्पट! पहिलं बिल हातात आल्यावर मी मीटर बिघडलाय असं समजून तक्रार नोंदवायला निघाले होते. महिन्याचा खर्च मांडताना हे भाड्यातच धरा.

पाण्याचं आपल्याला मुळीच भान नसतं. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी आहे, पट्टी सोसायटीच्या देखभाल खर्चात जाते, कुणाला आकडाही ठाऊक नसतो. ठाण्यात घोडबंदर रोडला राहणाऱ्यांना मात्र टँकरमुळे चांगलाच ठाऊक असतो. दुबईचं नळाचं पाणी समुद्राचं खारेपण काढून केलेलं. पहिल्या 5,000 गॅलनला गॅलनमागे 3.5 फिल्स. तिथला गॅलन साडेचार लिटरचा, म्हणजे 1,000 लिटरला 185 रुपयांच्या आसपास, शिवाय सांडपाण्याचा आकार वेगळा. ज्यांना नळ सोडून भांडी घासायची सवय आहे त्यांना तीन महिन्यांत फरक कळतो.

आणि जुलैत गार पाणी नळाला येत नाही. गच्चीवरची टाकी तापते आणि दुपारी थंडचा नळ उघडला तर हात भाजतो. धाकट्याला आंघोळ घालताना मी एकदा सरळ त्याच्या अंगावर तांब्या ओतला आणि तो किंचाळला. शेजारच्या मल्याळी बाईंनी उपाय सांगितला: मेपासून गीझर बंद ठेवायचा आणि आंघोळीला गरमचा नळ उघडायचा, कारण घरातल्या गारव्यात गीझरमधलं पाणी निवलेलं असतं. आम्ही सहा महिने असंच करायचो. गीझरची वीजही तेवढी वाचते. बाळ येणार म्हणून हे तिला दोनदा सांगितलं.

गॅसचा फरक फार नाही. इथे महानगर गॅसची पाइपलाइन, तिथे बऱ्याच इमारतींत मध्यवर्ती गॅस, नाहीतर सिलिंडर. इंटरनेट मात्र तिथे महाग, महिन्याला 300 दिरहमच्या आसपास, इथल्या कित्येक पट. उलट लिफ्ट, पंप, पहारेकरी यांचा देखभाल खर्च तिथे मालकाचा. ऐरोलीत तो आपला.

सुरुवातीला रोख लागते, ती वेगळी काढून ठेवा. देवाची अनामत फ्लॅटला 2,000 दिरहम, घर सोडताना परत मिळते. जोडणीसाठी भाडेकराराची इजारी, म्हणजे सरकारी नोंद, आधी हवी, म्हणून चावी घेण्यापूर्वी मालकाकडून ती करून घ्या, नाहीतर पहिली रात्र अंधारात आणि उकाड्यात जाते. डिस्ट्रिक्ट कूलिंगचं घर असेल तर त्या कंपनीची अनामत आणखी. चावी मिळाल्या दिवशी सगळ्या मीटरचे फोटो काढा, आकडा आणि तारीख दिसेल असे. आधीच्या भाडेकरूची थकबाकी आमच्या माथी येता येता वाचली ती अशाच एका फोटोमुळे.