नाना पेठेतील मीटर दुरुस्तीचे दुकान आणि रात्रीच तापणारी आमची पिकअप

इंजिन दिवसा ठीक चालते आणि रात्री तापते, अशी तक्रार घेऊन मी पुण्याच्या नाना पेठेत गाड्यांच्या डॅशबोर्डवरचे काट्यांचे मीटर दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात गेलो, तेव्हा माझ्या सांगण्यावर तिथे कोणी हसले नाही, ही त्या दुकानाविषयी सांगण्यासारखी पहिली गोष्ट. त्याआधी दोन ठिकाणी लोक हसले होते. आमची डिझेल पिकअप 2001 सालची असून नारायणगावच्या बाजूने गुलटेकडीच्या मार्केट यार्डात भाजीपाला पोचवण्याचे काम ती आजही करते. माल पहाटेच्या बाजाराला लागावा म्हणून गाडी बहुतेक वेळा रात्री निघते, आणि नेमके रात्रीच तापमानाचा काटा तांबड्या पट्टीला टेकत असे. सकाळी रिकामी गाडी परत येताना तोच काटा मध्याच्या थोडासाच वर असे. भरलेली गाडी जास्त तापणारच, असे म्हणून आम्ही काही महिने मनाची समजूत घातली. पण एकदा भर मे महिन्यात दुपारी पूर्ण माल भरून गेलो, तरी काटा मध्याच्या आसपासच राहिला आणि आमचे ते स्पष्टीकरण निकालात निघाले.

डिझेलच्या काट्याचेही तसेच होते. तो रात्री भरघोस दाखवी, दिवसा थोडे कमी. त्याच्यावर विसंबून एका रात्री निघालो आणि काटा पावच्या वर असताना खेड घाटाच्या चढावर टाकी कोरडी पडली. डिझेल गाडीत नुसते इंधन ओतून भागत नाही, नळीत शिरलेली हवा काढावी लागते. मोबाइलच्या उजेडात हातपंप मारत बसलो, आणि बाजाराला पोचलो तेव्हा भाव उतरला होता.

गावाकडच्या गॅरेजमध्ये या तक्रारीवर थर्मोस्टॅट बदलला गेला, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर बदलला गेला, रेडिएटर धुऊन नवे कूलंट भरले गेले. या सगळ्याचे 2,700 रुपये झाले, फरक काहीच पडला नाही, आणि शेवटी पूर्ण मीटरच नवा बसवावा, त्याला साधारण 6,500 रुपये लागतील, असे सांगण्यात आले. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. तापमानाचा काटा वर गेला की इंजिनाकडे पाहायचे, ही मेकॅनिकची सवय आहे आणि ती चुकीची म्हणता येत नाही. काट्यावर अविश्वास दाखवून इंजिन जाळून घेण्यापेक्षा ती बरीच बरी.

नाना पेठ हा सुट्या भागांचा जुना बाजार आहे, त्यामुळे तिथे पिकअप घेऊन जाणे ही वेगळीच शिक्षा. दुकान एका गल्लीत, जेमतेम आठ फूट रुंद. पाटीवर मालकाचे नाव नाही, फक्त मीटर दुरुस्ती एवढेच लिहिले आहे, आणि काउंटरच्या मागे पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेली सूचना टांगली आहे: ‘किलोमीटर मागे करून मिळणार नाही.’ जुन्या गाड्यांच्या बाजारात हे वाक्य लावून बसणाऱ्या माणसाला रोज किती गिऱ्हाइके परत पाठवावी लागत असतील, याचा अंदाज करता येतो. माझा अर्धा विश्वास तिथेच बसला.

दुकान चालवणारे काका साठी ओलांडलेले आहेत आणि बोलणे मोजके. त्यांनी गाडीला हात लावण्यापूर्वी तीन प्रश्न विचारले. पहिला, दोन्ही काटे एकाच वेळी वर जातात की वेगवेगळे? दुसरा, रात्री मीटरमधले दिवे पूर्वीपेक्षा मंद झाले आहेत का? तिसरा प्रश्न ऐकून मी चक्रावलो. “भाऊ, गाडीला रंग कधी दिला?” रंग दोन वर्षांपूर्वी दिला होता, डॅशबोर्डच्या आतल्या पत्र्यासकट, आणि काट्यांची कुरकूर त्यानंतरच केव्हातरी सुरू झाली होती. दिवे मंद होते हेही खरे. ते वयोमानाने झाले असतील म्हणून मी कधी मनावर घेतले नव्हते.

या प्रश्नांमागचा हिशेब त्यांनी काम करता करता उलगडला. एकच काटा खोटे बोलत असेल तर दोष बहुधा त्या काट्याच्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या वायरीत असतो. दोन काटे एकदम आणि एकाच दिशेने चुकत असतील तर दोघांना सामाईक असलेल्या गोष्टीकडे आधी पाहावे लागते. आमच्या गाडीचे काटे जुन्या पद्धतीचे, म्हणजे आतली द्विधातूची (दोन धातू एकमेकांना जोडून केलेली) पट्टी विजेने तापून वाकते आणि तिच्याबरोबर काटा सरकतो, अशा बनावटीचे आहेत. बॅटरीचा दाब इंजिन बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदापर्यंत असतो. तो जसाच्या तसा या काट्यांना दिला तर गाडीच्या वेगाबरोबर टाकीतले डिझेलही कमीजास्त होताना दिसेल. म्हणून मीटरच्या पाठीमागे एक छोटा स्टॅबिलायझर असतो. तो वीज चालू-बंद करत राहतो आणि त्या ठोक्यांची सरासरी साधारण 10 व्होल्ट ठेवतो. मात्र हे 10 व्होल्ट तो स्वतःच्या पत्र्यापासून, म्हणजे मीटरच्या अर्थपासून (वीज बॉडीमार्गे बॅटरीकडे परत नेणाऱ्या जोडणीपासून) मोजतो, आणि आमच्या गाडीतला सगळा घोळ तिथे होता.

सुरुवात मात्र त्यांनी इंजिनापासूनच केली. गाडी वीस मिनिटे चालू ठेवून थर्मोस्टॅटच्या झाकणावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. तापमान 84 अंश सेल्सियस भरले, म्हणजे इंजिनाची तब्येत उत्तम. त्यानंतर इंजिन बंद करून, चावी चालू ठेवून, त्यांनी मीटर चार स्क्रू काढून पुढे ओढला, पण एकही वायर सोडवली नाही. मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण अग्रावर आणि दुसरे मीटरच्या अर्थवर ठेवले. तिथे शून्याच्या जवळ, फार तर 0.1 किंवा 0.2 व्होल्ट दिसायला हवे होते. दिवे बंद असताना आकडा 0.9 होता. दिव्यांचे बटण दाबले आणि तो 3.2 वर गेला. सगळे कोडे त्या एका आकड्यात होते. मीटरमधल्या बल्बांची वीज ज्या अर्थने परत जायची तो धड नव्हता, त्यामुळे दिवे लावले की मीटरचा अख्खा पत्राच तीन व्होल्टांनी वर उचलला जाई. त्याच्यावरून मोजलेले 10 व्होल्ट प्रत्यक्षात 13 होत, म्हणजे बॅटरीत असेल तेवढे सगळे काट्यांना मिळे, आणि बल्बांना मात्र तीन व्होल्ट कमी पडत. दिवे मंद होणे आणि काटे चढणे या दोन उलट दिसणाऱ्या तक्रारी अर्थच्या एकाच स्क्रूच्या होत्या. इंजिन रात्री तापत नव्हते. रात्री दिवे लागत होते.

यानंतरची दोन मिनिटे पाहण्यासारखी होती. त्यांनी स्टॅबिलायझरच्या बाहेर पडणाऱ्या टोकाला टेस्ट लॅम्प लावला. तो लुकलुकायला हवा, पण स्थिर पेटला होता. मग दोन्ही टोकांना चिमटे असलेली एक वायर घेऊन त्यांनी मीटरचा पत्रा थेट दरवाजाच्या बिजागरीच्या उघड्या बोल्टला जोडला. मीटरचे दिवे एकदम उजळले. टेस्ट लॅम्प आणखी काही क्षण पेटता राहिला, मग विझला, पेटला, पुन्हा विझला आणि एका लयीत मिचकू लागला. आणि दोन्ही काटे, घाई नसल्यासारखे, अर्ध्या मिनिटात खाली उतरून आपापल्या जागी थांबले. या बनावटीचे काटे सावकाशच हलतात, पट्टी थंड व्हायला वेळ लागतो. मी तेवढा वेळ श्वास रोखून होतो हे कबूल करतो.

अर्थची वायर डॅशबोर्डच्या आतल्या पत्र्यावर स्क्रूने बसवलेली होती आणि तिच्याखाली रंगाचा जाड, चकचकीत थर होता. रंगकाम झाल्यावर कोणीतरी ती रंगावरच आवळून टाकली होती. सुरुवातीला स्क्रूच्या आट्यांमधून कशीबशी वीज जात राहिली, पुढे तिथे गंज धरला. काकांनी तेवढ्या जागेचा रंग खरवडून पत्रा पांढरा केला, वायरीचे टोक नवे दाबून लावले, खाली दातेरी वॉशर घातला आणि वरून थोडे ग्रीस लावले. स्टॅबिलायझर बदलावा का, असे मी विचारले. त्याच्या जागी 7810 हा तीन पायांचा रेग्युलेटर बसवतात, तो काही रुपयांत मिळतो आणि ठोक्यांऐवजी सलग 10 व्होल्ट देतो, हे त्यांनीच सांगितले. पण जुना नीट चालतो आहे तोवर त्याला हात लावायचा नाही, असेही वर म्हणाले. विकता येण्यासारखी वस्तू न विकणारा माणूस या व्यवसायात मला फार दिवसांनी भेटला.

डिझेलच्या काट्याचे दुखणे इथे संपले नव्हते. तो आता खोटे चढत नव्हता, पण अर्ध्यावर येऊन अडकत होता. टाकीजवळची सेन्सरची वायर काढली की काटा शून्यावर जाई, आणि ती वायर क्षणभर बॉडीला टेकवली की भरलेल्याकडे निघे. म्हणजे मीटर आणि वायर दोन्ही निर्दोष, दोष टाकीतल्या युनिटचा, म्हणजे तरंगत्या फ्लोटवरून डिझेलची पातळी मोजणाऱ्या सेन्सरचा. ही चाचणी घरी करणाऱ्यांसाठी काकांनी एक सूचना दिली: वायर टेकवून धरून ठेवू नये, कारण पूर्ण दाब बसला तर काट्याच्या आतली तार जळू शकते. बॅटरीची केबल काढून युनिट बाहेर घेतले, मल्टिमीटर लावून फ्लोटचा दांडा हाताने हळूहळू फिरवला, तेव्हा रोध (विजेला होणारा अडथळा) सावकाश वाढत जाऊन मधल्या एका पट्ट्यात वेडावाकडा उड्या मारू लागला. वर्षानुवर्षे गाडी बहुतेक अर्ध्या टाकीवर चालवली की नेमकी तेवढीच पट्टी झिजते. नवे युनिट घेताना त्यांनी शेजारच्या दुकानातून आलेले पहिले परत पाठवले. काही युनिटमध्ये टाकी रिकामी असताना रोध 10 ओम आणि भरल्यावर 180 असतो, काहींमध्ये क्रम नेमका उलटा असतो, त्यामुळे आकार जुळला म्हणून बसवलेले युनिट भरलेल्या टाकीला रिकामी म्हणू शकते.

वेगाचा काटा वीस ते तीसच्या दरम्यान नाचत होता, तेही याच फेरीत करून घेतले. हा काटा विजेवर नाही, गिअरबॉक्सपासून येणाऱ्या फिरत्या केबलवर चालतो. काकांनी आतली तार काढून काउंटरच्या काचेवर बोटांनी लाटली. सरळ तार गुळगुळीत फिरते, आमची प्रत्येक फेऱ्याला टणकन उडत होती. नवी केबल बसवताना ग्रीस फक्त खालच्या दोन तृतीयांश भागालाच लावले, कारण वरपर्यंत लावले तर ते फिरत फिरत मीटरमधल्या काटा फिरवणाऱ्या पेल्यात शिरते आणि काटा जड होतो. वार्षिक पासिंगच्या वेळी वेगदर्शक चालू आहे का हे पाहिले जाते, त्यामुळे हे काम टाळण्यासारखे नव्हतेच.

एकूण खर्च 2,150 रुपये झाला: टाकीचे युनिट 900, केबल 350, बल्ब आणि किरकोळ सामान 100, मजुरी 800. ज्या दुरुस्तीसाठी मी गेलो होतो तिचा सामानाचा खर्च एका वॉशरचा होता, आणि मजुरीतला मोठा वाटा तो वॉशर कुठे लावायचा हे शोधण्याचा होता. ती मला मुळीच जास्त वाटली नाही.

तक्रारीही आहेत. छापील बिल मागितल्यावर वहीच्या कागदावर आकडे लिहून मिळाले, तीन महिन्यांची हमी तोंडी आहे. फोनवर वेळ ठरवून देत नाहीत; मी सकाळी दहाला पोचलो आणि माझा नंबर साडेबाराला लागला. त्या गल्लीत पिकअप उभी करायला जागा नाही, म्हणून गाडीजवळ एक माणूस ठेवून दर थोड्या वेळाने ती हलवावी लागली. ऑइलच्या दाबाचा दिवा पेटतो आणि इंजिन सुरू होताच विझतो, एवढे त्यांनी पाहिले. प्रत्यक्ष दाब मोजायचे यांत्रिक गेज त्यांच्याकडे नाही आणि त्यासाठी त्यांनी मला इंजिनाच्या कारागिराकडे जायला सांगितले. नव्या गाड्यांचे पूर्ण डिजिटल मीटर ते घेत नाहीत, त्या मालकांनी तिथवर जाऊन उपयोग नाही.

ज्यांची गाडी जुनी आहे, काटे मन मानेल तसे हलत आहेत आणि ज्यांना पूर्ण मीटर बदलण्याचा सल्ला मिळालेला आहे, त्यांनी मात्र आधी इथे जावे. जाताना काटे कोणत्या वेळी चुकतात, दिवे लावल्यावर, इंडिकेटर दिल्यावर की खड्ड्यात आदळल्यावर, याची नोंद करून न्यावी आणि गेल्या दोन-तीन वर्षांत गाडीवर कोणकोणती कामे झाली तेही आठवून ठेवावे; काकांचे निम्मे काम त्या उत्तरांवर होते. मंगळवारी दुकान बंद असते. आमची पिकअप त्यानंतर चार महिने रात्रीच्या फेऱ्या करते आहे, आणि मीटरचे दिवे आता इतके लख्ख लागतात की गाडी चालवणारा माझा पुतण्या ते डोळ्यांवर येतात म्हणून कुरकुरतो.