ईआरपीनेक्स्ट: स्वतःच्या सर्व्हरवर की क्लाउडवर?

मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट म्हणजे हिशेब, साठा, बिलं असं धंद्याचं काम एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर. ते जीपीएल ३ परवान्याखाली खुलं आहे, म्हणजे त्याचा कोड कुणालाही फुकट घेऊन वापरता येतो. त्यामुळे लहान कारखानदारासमोर प्रश्न सॉफ्टवेअरच्या किमतीचा नसतोच. ते चालवायचं कुठे, हा असतो.

स्वतःच्या सर्व्हरवर ठेवलं, तर दरमहा भाडं नाही. इंटरनेट गेलं तरी आतल्या नेटवर्कवर बिलं निघत राहतात. पण लिनक्स (सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम) आणि मारियाडीबी (सगळी माहिती साठवणारा डेटाबेस) सांभाळणारा माणूस लागतो. आणि बॅकअप! तो त्याच खोलीतल्या दुसऱ्या डिस्कवर असेल, तर एका आगीत दोन्ही प्रती जातात. शिवाय बॅकअप नुसता घेऊन भागत नाही, तो अधूनमधून परत चढवून तपासावा लागतो. छोट्या ठिकाणी नेमकं हेच राहून जातं, आणि माझ्या मते निर्णय इथेच होतो.

क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर, बॅकअप आणि सुरक्षा अपडेट होस्टिंगवाला बघतो. भाडं मात्र कायमचं. तरी बंदिस्त सेवेसारखं अडकायला होत नाही. कोड खुला आहे, डेटाबेस उतरवून घेतला की दुसरीकडे तीच यंत्रणा उभी करता येते.

आयटीचा पूर्णवेळ माणूस नसेल, तर क्लाउडच घ्या. फक्त डेटाबेसची एक ताजी प्रत नेहमी आपल्याकडे ठेवा.